इस्ट्रोजेन नसलेली गर्भनिरोधक गोळी: ती चालते कशी आणि घ्यायची कोणी

गर्भनिरोधक गोळी म्हटलं की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे एकच क्रम येतो. २१ दिवस गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी, त्या सुट्टीत पाळी आणि पुन्हा नवं पाकीट. हा क्रम अंगवळणी पडलेला असतो, म्हणून दुसऱ्या प्रकारची गोळी हातात आली की पहिली गफलत इथेच होते. फक्त प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखं काम करणारं कृत्रिम रसायन) असलेल्या गोळीच्या बहुतेक पाकिटांत २८च्या २८ गोळ्या औषधाच्या असतात. मधे सुट्टी नाही, नुसत्या रंगापुरत्या बिनऔषधाच्या गोळ्याही नाहीत. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुढचं सुरू करायचं, अंगावरून जात असो वा नसो. जुन्या सवयीने एखादीने सात दिवस गोळी बंद ठेवली, तर त्या आठवड्यात तिचं संरक्षण संपलेलं असतं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

या गोळीला मिनी पिल म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात पीओपी असंही नाव येतं. तिच्याबद्दल बायका जे प्रश्न विचारतात ते ठरलेले आहेत. वेळ इतकी काटेकोर का पाळायची? पाळीचं वेळापत्रक का बिघडतं? बाळंतिणीला ही चालते, मग नेहमीची का चालत नाही? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी उत्तराचं मूळ एकच आहे. या गोळीत इस्ट्रोजेन नाही, आणि तिच्या जुन्या प्रकारांत प्रोजेस्टिनही अगदी कणभर आहे. एवढं नीट कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

शरीरात एरवी काय चाललेलं असतं

पाळी येऊन गेली की बीजकोशात एक पुटिका वाढायला लागते. ती इस्ट्रोजेन सोडते, आणि त्या इस्ट्रोजेनवर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. इस्ट्रोजेन एका पातळीपर्यंत चढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच नावाच्या संप्रेरकाचा लोंढा सोडते. मग साधारण दीड दिवसात पुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. रिकामी झालेली तीच पुटिका आता प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. प्रोजेस्टेरॉन अस्तराला गर्भ रुजण्यासाठी तयार करतं, गर्भाशयमुखातला स्राव घट्ट करतं आणि मेंदूला कळवतं की बीज सुटलंय, तूर्त दुसरं नको. दिवस राहिले नाहीत तर सुमारे दोन आठवड्यांनी ही पातळी कोसळते आणि पाळी येते. दिवस राहिले तर ती चढीच राहते, आणि म्हणूनच गरोदर बाईच्या बीजकोशातून नवं बीज सुटत नाही.

संप्रेरकांनी गर्भधारणा रोखता येईल ही कल्पना याच निरीक्षणातून आली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे लुडविग हाबरलांट यांनी १९२१ साली गाभण सशांचे बीजकोश दुसऱ्या माद्यांमध्ये बसवले आणि त्या माद्या काही काळ गाभण राहू शकल्या नाहीत असं दाखवून दिलं. अडचण एवढीच होती की नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं तर त्यातलं बहुतेक रक्तात पोचण्याआधीच यकृत मोडून टाकतं. तोंडाने घेऊनही टिकेल असं रसायन हवं होतं. १९५१च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. कार्ल जेरासी, जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि तेव्हा विद्यार्थी असलेला लुईस मिरामोंतेस यांचं हे काम. कच्चा माल होता मेक्सिकोच्या जंगलातला एक रानटी कंद. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या अशा कृत्रिम रसायनांना प्रोजेस्टिन म्हणतात, आणि त्यातलं नॉरएथिस्टेरॉन आजही मिनी पिलमध्ये वापरलं जातं.

मग त्यात इस्ट्रोजेन आलं कुठून

ही गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात थोडा योगायोग आहे. अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी १९५०च्या दशकात गोळीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा त्यांना हवं होतं ते फक्त प्रोजेस्टिन. पण त्यांनी वापरलेल्या नॉरएथिनोड्रेल या प्रोजेस्टिनच्या सुरुवातीच्या साठ्यात तयार होतानाच थोडं इस्ट्रोजेन मिसळलं गेलं होतं. ते काढून शुद्ध गोळी दिली, तर बायकांना अधूनमधून रक्तस्राव होऊ लागला. तेव्हा काढलेलं इस्ट्रोजेन मुद्दाम, मोजून परत घातलं गेलं. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेली पहिली गोळी, एनोव्हिड, अशी दोन संप्रेरकांची झाली. तिच्यात ९.८५ मिलिग्रॅम प्रोजेस्टिन होतं. आजच्या नॉरएथिस्टेरॉनच्या मिनी पिलमध्ये असतं ०.३५ मिलिग्रॅम. दोन्ही रसायनं वेगळी आहेत, सरळ भागाकार करू नये, पण पहिल्या गोळीचा मारा किती जबर होता याचा अंदाज येतो.

इस्ट्रोजेनचं काम त्या गोळीत दुहेरी होतं. बीजोत्सर्ग रोखायला ते हातभार लावतं, आणि अस्तराला आधार देऊन रक्तस्राव शिस्तीत ठेवतं. त्याची किंमत लवकरच दिसली. १९६१पासून गोळी घेणाऱ्या तरुण बायकांच्या पायांत आणि फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या बातम्या डॉक्टरांकडून येऊ लागल्या. इस्ट्रोजेन यकृताला रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं, हे त्यामागचं कारण. पुढे इस्ट्रोजेनचं प्रमाण कितीतरी पट कमी करण्यात आलं. युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या आकड्यांनुसार, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दर १०,००० बायकांमध्ये वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते; एकत्रित गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली, घेणाऱ्यांत त्यातलं प्रोजेस्टिन लेव्होनॉर्जेस्ट्रेल असेल तर ५ ते ७ जणींना, आणि डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असलेली एकत्रित गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. निरोगी तरुणीसाठी हा धोका लहानच आहे. पण काही बायकांचा धोका मुळातच वाढलेला असतो. त्यांच्यासाठी इस्ट्रोजेनशिवायची गोळी हवी होती.

पहिला प्रयत्न मेक्सिकोतच झाला. तिथल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात क्लोरमॅडिनोन नावाच्या प्रोजेस्टिनचा रोज फक्त अर्धा मिलिग्रॅम देऊन पाहिला. गंमत अशी की बऱ्याच जणींचा बीजोत्सर्ग चालू राहिला आणि तरीही दिवस राहिले नाहीत. बीज न अडवताही गर्भधारणा अडते, हे तेव्हा नव्यानेच समजत होतं. मोठ्या मात्रा दिलेल्या बीगल जातीच्या कुत्र्यांच्या स्तनांत गाठी दिसल्याने १९७०मध्ये ती गोळी मागे घेतली गेली. पण वाट सापडली होती, आणि १९७३ साली अमेरिकेत नॉरएथिस्टेरॉन व नॉर्जेस्ट्रेल यांच्या मिनी पिल बाजारात आल्या.

बीज सुटूनही दिवस का राहत नाहीत

उत्तर गर्भाशयमुखात आहे. महिन्यातले बहुतेक दिवस तिथला स्राव घट्ट असतो. बीज सुटायच्या आधीचे काही दिवस तो इस्ट्रोजेनमुळे पातळ, पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा. शुक्रजंतूंना वर जायला तेवढीच फट मिळते. प्रोजेस्टिन ती फट बुजवतं. स्राव कमी, दाट आणि चिकट होतो, त्यातल्या धाग्यांची जाळी घट्ट विणली जाते आणि शुक्रजंतू खालीच अडकून पडतात.

हा परिणाम विलक्षण लवकर सुरू होतो. गोळी घेतल्यावर काही तासांत स्राव बदलायला लागतो, आणि दोन दिवस नियमित गोळ्या गेल्या की त्यावर भरवसा ठेवता येतो. मात्र तो तितक्याच लवकर ओसरतोही. जुन्या प्रकारच्या गोळीत एका दिवसाचं औषध जेमतेम एक दिवस पुरतं. नॉरएथिस्टेरॉनचं रक्तातलं प्रमाण सुमारे आठ तासांत निम्मं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत त्यातलं फार थोडं उरलेलं असतं. तीन तासांचा प्रसिद्ध नियम आला तो इथून. नॉरएथिस्टेरॉन, नॉर्जेस्ट्रेल किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेलची मिनी पिल ठरल्या वेळेपेक्षा तीन तासांहून जास्त उशिरा घेतली, तर ती चुकली असं धरायचं. नॉर्जेस्ट्रेलवरच्या अलीकडच्या संशोधनात स्रावाचा घट्टपणा यापेक्षा जास्त वेळ टिकलेला दिसला आहे, पण पाकिटावरची सूचना अजून तीन तासांचीच आहे आणि ती पाळण्यात शहाणपण आहे.

स्राव हे मुख्य काम, पण एकटं नव्हे. जुन्या मिनी पिलने साधारण निम्म्या चक्रांत बीजोत्सर्गही थांबतो. कुणाचा थांबेल आणि कुणाचा नाही ते आधी सांगता येत नाही. शिवाय अस्तर पातळ राहतं आणि बीजनलिकांची हालचाल मंदावते. या शेवटच्या दोन गोष्टींवर कुणी विसंबून राहत नाही.

डेसोजेस्ट्रेलच्या गोळीचा हिशेब वेगळा आहे. तिची ७५ मायक्रोग्रॅमची मात्रा मेंदूकडून येणारा एलएचचा लोंढाच दाबते. सुमारे ९७ टक्के चक्रांत बीज सुटतच नाही. शरीरात तिचं जे रूप काम करतं, त्याला निम्मं व्हायला ३० तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे इथे सवलत १२ तासांची आहे. यानंतर आलेली ड्रोस्पिरेनोनची ४ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाली. ती २४ तासांपर्यंतचा उशीर सहन करते. सुरुवातीला मी म्हटलं की पाकिटात सगळ्या गोळ्या औषधाच्या असतात. हिचं पाकीट तेवढं अपवाद आहे. तिच्यात २४ गोळ्या औषधाच्या आणि ४ बिनऔषधाच्या असतात.

म्हणजे ‘मिनी पिल’ हे एक नाव असलं तरी आत किमान तीन वेगळ्या स्वभावाच्या गोळ्या आहेत. मैत्रिणीने सांगितलेला नियम तिच्या गोळीचा असतो. आपल्या पाकिटावर रसायनाचं नाव कोणतं आहे ते वाचून घ्यावं आणि मगच घड्याळ लावावं.

गोळी चुकली तर

आठवल्याबरोबर घ्यायची. पुढची ठरल्या वेळेला घ्यायची, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. जुन्या प्रकारच्या गोळीत यानंतर ४८ तास कंडोम वापरायचा किंवा संबंध टाळायचा, कारण स्राव पुन्हा घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतो. बीजोत्सर्ग रोखण्यावर चालणाऱ्या गोळ्यांत हा काळ वेगळा असू शकतो, काही पाकिटांवर सात दिवस लिहिलेलं असतं. तिथे आपल्या पाकिटातली सूचना प्रमाण. चुकलेल्या गोळीच्या आसपास कंडोमशिवाय संबंध आला असेल, तर आपत्कालीन गर्भनिरोधकाबद्दल लगेच डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावं. त्यातल्या युलिप्रिस्टल या गोळीनंतर मात्र मिनी पिल पाच दिवस थांबून सुरू करतात. दोन्ही एकाच जागी काम करतात आणि एकमेकींचा परिणाम मारतात.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्यायची. जोराचे जुलाब लागले असतील तर ते थांबून दोन दिवस होईपर्यंत कंडोमची जोड ठेवायची.

गोळी घ्यायची वेळ सकाळची की रात्रीची, याने काही बिघडत नाही. जी वेळ रोज सारखीच असते ती निवडावी. रात्री झोपताना घेईन असं ठरवणाऱ्यांची झोपायची वेळच रोज बदलत असते, आणि तीन तास तर सुट्टीच्या दिवशी सहज उलटतात. फोनचा गजर हा इथे औषधाचाच भाग समजावा.

नियम तंतोतंत पाळला तर वर्षभरात १०० पैकी एकीलाही दिवस राहत नाहीत. प्रत्यक्षात, म्हणजे विसरणं, उशीर, प्रवास, आजारपण धरून, १०० पैकी सुमारे ७ जणींना राहतात. हा आकडा नेहमीच्या एकत्रित गोळीलाही तितकाच लागू आहे. मिनी पिल म्हणजे लेचीपेची गोळी, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. रोजची गोळी आपल्या स्वभावात बसणार नाही असं ज्यांना आधीच ठाऊक आहे, त्यांनी तांबी, संप्रेरकाची गर्भाशयात बसवायची साधनं किंवा दंडातली कांडी यांचा विचार करावा. त्यात आठवण ठेवायचा प्रश्नच येत नाही.

पाळीचं काय होतं

गोळी सोडून देण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, आणि ते आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं म्हणून जास्त घाबरवतं.

एकत्रित गोळीत सुट्टीच्या आठवड्यात येते ती खरी पाळी नसते. औषध थांबल्यामुळे अस्तर सुटतं एवढंच. मिनी पिलमध्ये सुट्टी नाही, आणि अस्तराला बाहेरून इस्ट्रोजेनचा आधारही नाही. अस्तर पातळ राहतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि कुठेही, कधीही थोडं रक्त झिरपतं. त्यातच स्वतःच्या बीजकोशातलं इस्ट्रोजेन कमीजास्त होत राहतं. जुन्या मिनी पिलवर ढोबळ मानाने दहापैकी चौघींची पाळी बऱ्यापैकी नियमित राहते, चौघींची अनियमित होते, दोघींची बंद होते. डेसोजेस्ट्रेलवर वर्षभरानंतर जवळपास निम्म्या जणींना पाळी येतच नाही किंवा क्वचित येते. पहिले तीन-चार महिने डाग पडणं, मधेच अंगावरून जाणं जास्त असतं; पुढे बहुतेकींचं बसतं, काहींचं बसत नाही. कुणाचं काय होईल हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही.

पाळी बंद झाली की रक्त आत साचतंय, ते अंगात भिनेल, ही भीती फार जुनी आहे. साचण्यासारखं आत काही नसतं. अस्तर वाढलंच नाही, तर बाहेर पडायला काय उरणार? रक्तपांढरी किंवा पाळीत अतोनात रक्त जाणाऱ्या बाईसाठी हा उलट दिलासा असतो. पाळीतल्या वेदना कमी व्हाव्यात म्हणूनही काही डॉक्टर ही गोळी देतात.

तरीही प्रत्येक रक्तस्राव गोळीच्या माथी मारू नये. संबंधानंतर रक्त दिसलं, आधी सगळं सुरळीत असताना अचानक बदल झाला, खूप जास्त जाऊ लागलं, तर तपासून घ्यावं. गर्भाशयमुखाचे आजार, जंतुसंसर्ग किंवा गर्भधारणा यांतलं काही असू शकतं. आणि गोळीत खंड पडून पाळी थांबली असेल तर गर्भधारणेची चाचणी आधी करावी.

कोणासाठी ही गोळी खास उपयोगी

बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती मुळात जास्त असते, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला या काळात एकत्रित गोळी देत नाहीत; जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत पुढे सहा महिन्यांपर्यंतही ती टाळायला सांगितलं आहे. मिनी पिलने दूध कमी होत नाही. दुधातून बाळाकडे जाणारा अंश अतिशय थोडा असतो आणि त्याचा बाळाच्या वाढीवर वाईट परिणाम झालेला दिसलेला नाही. संघटनेच्या निकषांनुसार सहा आठवड्यांनंतर तर तिच्यावर काहीच बंधन नाही, आणि त्याआधीही साधारणपणे ती घेता येते. पाजतेय म्हणजे दिवस राहणारच नाहीत, यावर सरसकट विसंबू नये. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून न आलेली आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच ते संरक्षण भक्कम असतं. त्यातली एक तुटली की ते संपतं.

दुसरा मोठा गट पस्तिशी ओलांडलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या बायकांचा. उच्च रक्तदाब असलेल्याही यातच येतात. इस्ट्रोजेनने हृदयविकार आणि पक्षाघाताची जोखीम या दोघींत नको इतकी वाढते. अर्धशिशीचा झटका येण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसणं, दृष्टीचा भाग नाहीसा होणं, हातापायाला मुंग्या येणं असं ज्यांना होतं, त्यांना एकत्रित गोळी वर्ज्यच आहे. साधी डोकेदुखी आणि हा प्रकार यांत फरक आहे, आणि तो डॉक्टरांना आपण होऊन सांगावा लागतो, कारण घाईत विचारायचं राहून जातं. पूर्वी कधी पायात गुठळी झालेल्या, घरात तसा इतिहास असलेल्या, वजन खूप असलेल्या, सिकलसेल असलेल्या बायकांनाही मिनी पिल सहसा चालते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी एकत्रित गोळी काही आठवडे बंद करतात. ही बंद करावी लागत नाही. आणि काहींना कोणताच आजार नसतो, पण इस्ट्रोजेनने मळमळ होते, स्तन दुखतात, म्हणून त्या हिच्याकडे वळतात. एवढं कारण पुरेसं आहे.

कोणी घेऊ नये

स्तनाचा कर्करोग सध्या असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, तर नाही. यकृताचा गंभीर सिऱ्हॉसिस किंवा काही प्रकारच्या गाठी असतील तरी टाळतात. कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी त्याचा छडा लावायचा. वजन कमी करण्याच्या ज्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग वगळला जातो, तिच्यानंतर गोळी पुरेशी शोषली जात नाही, तेव्हा दुसरी पद्धत बरी. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, किंवा गुठळीवर सध्या उपचार चालू असलेल्यांनी, स्वतःहून निर्णय घेऊ नये. ड्रोस्पिरेनोन हे शरीरात पोटॅशियम वाढवू शकतं. मूत्रपिंडाचा किंवा अधिवृक्क ग्रंथीचा विकार असलेल्यांना ती गोळी देत नाहीत, आणि रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर पोटॅशियम तपासावं लागतं.

काही औषधं यकृताला इतकं कामाला लावतात की तुटपुंजं प्रोजेस्टिन झपाट्याने मोडलं जातं. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, फेफऱ्यावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन, एचआयव्हीवरची काही औषधं आणि उदासीपणावर घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतिजन्य औषध, ही त्यांतली प्रमुख. रिफॅम्पिसिन चालू असताना मिनी पिलवर भरवसा ठेवूच नये. साधी प्रतिजैविकं मात्र हिच्या आड येत नाहीत.

कर्करोगाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. इस्ट्रोजेन नाही म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्नच नाही, असं पूर्वी बरेच जण धरून चालत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रोजेस्टिनच्या साधनांनीही धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, म्हणजे एकत्रित गोळीइतकाच. टक्केवारी ऐकून दचकायला होतं, पण मूळ धोका तरुण वयात फार लहान असतो. १६ ते २० या वयात पाच वर्षं वापरलं तर तो काळ आणि त्यानंतरचा काळ मिळून १५ वर्षांत एक लाखात सुमारे ८ जणी जास्त. ३५ ते ३९ या वयात वापरलं तर सुमारे २६५. वय वाढतं तसा हा हिशेब बदलतो, म्हणून पस्तिशीपुढच्या बाईशी डॉक्टरांनी तो बोलून दाखवायला हवा.

बाकी त्रास म्हणजे पुटकुळ्या, डोकेदुखी, स्तनांत दुखणं, मनःस्थितीत चढउतार. मनावरच्या परिणामांबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आपल्याला फरक जाणवत असेल तर तेवढ्या कारणाने गोळी बदलून मागता येते. बीजकोशात पाण्याच्या गाठी दिसू शकतात, त्या बहुधा आपोआप विरतात. गोळी चालू असताना दिवस राहिलेच, तर गर्भ नळीत राहण्याची शक्यता तुलनेने जास्त असते. पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, असं झालं तर वाट पाहू नये. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांपासून ही गोळी वाचवत नाही. ते काम कंडोमचं.

नावं सारखी, गोळ्या वेगळ्या

संबंधानंतर घ्यायच्या आपत्कालीन गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे त्याच रसायनाच्या एका मिनी पिलच्या ५० पट. पाळी पुढे ढकलायला देतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. त्याच रसायनाच्या मिनी पिलच्या चाळीस पटींहून जास्त. एवढ्या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून गुठळीचा धोका असलेल्या बाईला जी मिनी पिल चालते, ती पाळी ढकलायची गोळी चालेलच असं नाही. शिवाय ती घेत असताना गर्भनिरोधन होतंय असंही समजायचं नसतं.

सुरक्षिततेच्या याच हिशेबामुळे मिनी पिल काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली आहे. ब्रिटनमध्ये २०२१ साली डेसोजेस्ट्रेलच्या गोळ्यांना औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने विक्रीची परवानगी मिळाली. अमेरिकेत जुलै २०२३मध्ये नॉर्जेस्ट्रेलची ओपिल ही तिथली पहिली बिनचिठ्ठीची रोजची गर्भनिरोधक गोळी ठरली. १९७३पासून चिठ्ठीवर असलेल्या औषधाला त्यासाठी ५० वर्षं लागली, हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं.

सुरू करायला पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतचा काळ सोपा, कारण तेव्हा बहुधा वेगळी खबरदारी लागत नाही. ड्रोस्पिरेनोनसाठी मात्र पहिलाच दिवस. एरवीही कुठल्याही दिवशी सुरू करता येते, फक्त आधीच दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करायची आणि पहिले दोन दिवस, ड्रोस्पिरेनोनमध्ये सात दिवस, कंडोम वापरायचा. थांबवणं त्याहून सोपं आहे. औषध काही दिवसांत अंगातून जातं, आणि पाळी येण्याची वाट न बघता बीज सुटू शकतं. मूल हवं म्हणून गोळी सोडणारीला ही चांगलीच बातमी. ते नको असताना सोडणारीने दुसरी पद्धत शेवटच्या गोळीच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करावी.